पेटंट कोर्टासाठी नाही, समोरच्याशी बोलता यावं म्हणून

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

देशात पेटंटचे अर्ज वाढले अशी बातमी हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी वाचायला मिळते. आकडे खरंच मोठे आहेत, २०२३-२४ या एका वर्षात ९० हजारांच्या वर अर्ज आले आणि १ लाखाच्या वर पेटंटं मंजूर झाली. वाचून बरं वाटतं. पण लहान कारखानदार पेटंटला जातो तो नेमका कशासाठी, हे त्या बातमीत कधी येत नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेली सत्तावीस वर्षं यंत्रमागाचे सुटे भाग आणि अटॅचमेंट बनवतो, एकदा पेटंट न काढून मार खाल्लाय आणि एकदा काढून बघितलंय, म्हणून म्हटलं जे अनुभवलं ते सविस्तर लिहावं. पत्र लांब झालंय, काटछाट करायचा अधिकार तुमचा, फक्त फीचा भाग कापू नका ही विनंती, तो लोकांच्या उपयोगाचा आहे.

आधी मार खाल्ला ते सांगतो. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभं सूत (ताणा) गुंडाळलेले मोठे दंड, असतात हे सोलापूरच्या पूर्व भागात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. एक बीम खालच्या कापडाच्या ताण्याचा आणि दुसरा पाइलचा, म्हणजे ज्याचे टॉवेलवर लूप उठतात तो. हा पाइलचा ताणा सैल सुटला पाहिजे आणि शेवटपर्यंत सारखाच सैल सुटला पाहिजे. जुन्या साध्या मागावर त्या बीमला दोरी आणि वजनाचा ब्रेक असतो, बीम भरलेला असताना एक ताण येतो आणि सूत संपत आलं की वेगळाच, मग कामगार मधेमधे येऊन वजन सरकवतो, आणि विसरला की लूप लहानमोठे पडतात, डझनाचं वजन बदलतं, एक्स्पोर्टचा माल असेल तर तेवढ्यावरून अख्खा लॉट परत येतो. २०११ च्या आसपास आमचा जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा मिस्त्री, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो, एक दिवस म्हणाला, "शेठ, वजन माणसानं कशाला सरकवायचं, बीमलाच सरकवू द्या की." एवढंच बोलला आणि कामाला लागला. बीमवरच्या सुताला टेकून राहणारा एक रूळ, बीम बारीक होत जाईल तसा रूळ आत येणार आणि त्याला जोडलेली दांडी वजन आपोआप सरकवणार, अशी ती कल्पना. कागदावर सोपी दिसते. पण सरळ दांडी घेतली की शेवटच्या पाव बीमला ताण बिघडायचा, तीन-साडेतीन महिने आम्ही दोघं रात्री शेड बंद झाल्यावर त्याच्यामागं होतो, शेवटी दांडीला एक विशिष्ट बाक दिला तेव्हा कुठं माप जमलं.

मग जे सगळे करतात तेच आम्ही केलं. चौदा नग ओळखीच्या कारखान्यांत विकले, चांगले चालले, म्हणून हुरूप येऊन एका प्रदर्शनात स्टॉल घेतला आणि चालू मागावर लावून दाखवलं. बाहेरगावच्या एका मोठ्या मशिनरीवाल्याची माणसं आली, फोटो काढले, दोनशे नगांची ऑर्डर देतो म्हणाले, तेवढं ड्रॉइंग पाठवून द्या, आमच्या डिझाइनवाल्यांना बघायचंय. मी मापासकट ड्रॉइंग पाठवलं. नाव लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही. सात-आठ महिने काही उत्तर नाही आणि मग आमचीच दांडी, आमचाच बाक, फक्त रंग निळा, अशी वस्तू आमच्यापेक्षा कमी भावात बाजारात आली. फोन केला तर समोरून शांतपणे विचारलं, "तुमच्याकडं काही कागद आहे का? असला तर दाखवा." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी शिवी दिली नाही की खोटं बोलले नाहीत, फक्त कागद मागितला, आणि माझ्याकडं नव्हता.

त्यानंतर पुण्याला एका पेटंट एजंटकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, विकलंय का? दुसरा विचारला, कुठं दाखवलंय का? दोन्हीला हो म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं की अर्ज करायच्या दिवशी ती गोष्ट नवी असावी लागते, आणि स्वतः मालकानंच आधी उघड विकली किंवा दाखवली तरी नवेपणा जातो. सरकारने नोटिफाय केलेल्या काही प्रदर्शनांपुरती १२ महिन्यांची सूट कायद्यात आहे, पण कुठल्याही मैदानावरच्या स्टॉलला ती लागू होत नाही. पुढं वाचनात आलं की सूत कातायच्या स्पिनिंग जेनीचा जेम्स हारग्रीव्हज याचंही हेच झालं होतं, त्यानं १७७० साली पेटंट घेतलं पण त्याच्या आधीच काही जेन्या विकून बसला होता, त्यामुळं कॉपी करणाऱ्यांवर दावा टाकायची वेळ आली तेव्हा केस उभीच राहीना. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लँकेशायरमधली चूक मी एमआयडीसीत जशीच्या तशी केली.

आता दुसऱ्या वेळचं. टॉवेलच्या मागावर कापसाचा रुवा किती उडतो हे ज्यानं पूर्व भागातल्या शेडमध्ये पाच मिनिटं काढलीत त्याला सांगायला नको. कामगारांचा खोकला वर्षभर जात नाही. रुवा ओढून घेणारी मशीनं मोठ्या मिलसाठी मिळतात, पण चार मागवाल्याला परवडत नाहीत, आणि वर मोटरचं लाइटबिल. अण्णाच्या घरात आधीच्या पिढीत एकाला दम्यानं नेलं होतं, त्यामुळं तो या विषयाला हात घालून होताच. मागाची फणी तशीही पुढंमागं हलतेच, तर त्याच हालचालीवर लोहाराच्या भात्यासारखा एक लहान भाता चालवायचा, म्हणजे वेगळी मोटर नको, आणि फणीजवळचा रुवा ओढून पिशवीत सोडायचा. भाता नुसता लावला तर जितका ओढतो तितकाच परत फुंकतो, म्हणून त्याला एका बाजूनं उघडणारी रबराची झडप बसवली. सगळी करामत त्या झडपेत आणि ती फणीच्या दांड्याला जोडायच्या पद्धतीत आहे.

या वेळी मात्र कुणाला दाखवलं नाही. २०१८ साली आधी प्रोव्हिजनल अर्ज टाकला. प्रोव्हिजनल म्हणजे कच्च्या स्वरूपातला अर्ज, त्यानं तारीख तुमच्या नावावर लागते आणि पुढच्या १२ महिन्यांत पूर्ण माहितीचा अर्ज द्यायचा असतो. हे बारा महिने लहान माणसाला फार मोलाचे आहेत, कारण त्या काळात माल लावून बघता येतो, गिऱ्हाईकाला दाखवता येतो, आणि चाललंच नाही तर पुढचा खर्च वाचतो. अर्जात शोध लावणारा म्हणून माझं आणि अण्णाचं दोघांचं नाव आणि मालकही दोघं. यावर मला घरातून आणि बाहेरून खूप ऐकून घ्यावं लागलं, पगारी माणसाला मालकी देतात का म्हणून. पण शोध ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचं नाव अर्जात असणं कायद्यालाच धरून आहे, आणि दोघं मालक असल्यामुळं त्याच्या संमतीशिवाय मी ते कुणाला वापरायला देऊ शकत नाही, यात मला कमीपणा वाटत नाही.

पुढं पेटंट ऑफिसचा तपासणी अहवाल आला, त्यात दोन जुनी परदेशी पेटंटं दाखवून विचारलं होतं की यात तुमचं नवीन काय. वाचून हातपाय गळाले होते, मला वाटलं संपलं. पण एजंट म्हणाले हे जवळजवळ प्रत्येक अर्जाला येतं, उत्तराला सहा महिने असतात. माझी मुलगी इंजिनिअरिंगला होती, तिनं ती दोन्ही पेटंटं ओळ न् ओळ वाचून काढली आणि आमची झडप आणि जोडणी त्यांच्यापेक्षा कुठं वेगळी पडते ते लिहून काढलं. आम्ही आमची मागणी कमी केली, भात्यावरचा हक्क सोडला आणि झडप व जोडणी एवढंच धरून बसलो. सुनावणी व्हिडिओवर झाली, मुंबईला अँटॉप हिलच्या ऑफिसात जायला सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढायची तयारी होती, ती वेळ आली नाही. २०२२ ला पेटंट हातात आलं.

संपादक साहेब, आता जे मला खरं सांगायचंय ते. लोकांना वाटतं पेटंट म्हणजे कॉपी करणाऱ्याला कोर्टात खेचायचं हत्यार. माझ्यासारख्या चौदा माणसांच्या कारखान्याला कोर्ट परवडत नाही. दावा जिल्हा न्यायालयात टाकता येतो, पण समोरच्यानं तुमचं पेटंटच रद्द करा असा उलटा दावा टाकला की प्रकरण हायकोर्टात जातं, तिथले वकील, तारखा, वर्षं. एवढं सगळं माहीत असून लहान माणूस पेटंट काढतो, ते मोठ्या गिऱ्हाईकासमोर बसल्यावर त्यानं आपल्याला हलक्यात घेऊ नये म्हणून. माझ्याबाबतीत तरी हेच झालं. पेटंटचा अर्ज केल्यावर दुसऱ्या राज्यातल्या एका मशिनरी कंपनीशी बोलणं सुरू झालं, आणि पहिल्याच मीटिंगला त्यांचा माणूस स्वतःहून म्हणाला की आधी गोपनीयतेच्या करारावर सह्या करू, मग बोलू. दहा वर्षांपूर्वी हेच मी मागितलं असतं तर मला बाहेर बसवलं असतं. पुढं नगामागं ठराविक रक्कम असा लायसन्सचा करार झाला. रक्कम फार मोठी नाही, पण अण्णाला आणि मला निम्मी निम्मी येते आणि दर तिमाहीला येते. एकानं दुसऱ्या गावात हुबेहूब बनवायला घेतलं होतं, त्याला एजंटकडून एक नोटीस गेली, चार दिवसांनी त्याचा फोन आला, आणि आज तो झडप आमच्याकडून विकत घेतो. कोर्टाची पायरी चढलो नाही.

मागाच्याच धंद्यातलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण जपानचं आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, १८९१ साली त्यानं लाकडी हातमागाच्या सुधारणेवर पहिलं पेटंट घेतलं, पुढं १९२४ ला माग न थांबवता धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा तुकडा, आपोआप बदलणारा माग तयार झाला आणि १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या त्या काळच्या बलाढ्य मशिनरी कंपनीनं त्याचे हक्क घ्यायचा १ लाख पौंडांचा करार केला. त्या पैशाचा आधार घेऊन त्याच्या मुलानं मोटारीच्या संशोधनाला सुरुवात केली, तीच आजची टोयोटा. माग बनवणाऱ्या गावात राहून आपल्याला हे शाळेत कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

बँकेचं मात्र खरं ते सांगतो. पेटंट दाखवून कर्ज मिळेल अशी आशा होती. मॅनेजर साहेबांनी सर्टिफिकेट हातात घेऊन अभिनंदन केलं आणि जागेचे कागद मागितले. पेटंट तारण धरायची पद्धत आपल्याकडं अजून रुळलेलीच नाही. परदेशात वेगळं चित्र दिसतं, युरोपच्या पेटंट ऑफिसनं २०२३ मध्ये जो अभ्यास काढला त्यात पेटंट आणि ट्रेडमार्क दोन्ही असलेल्या नव्या कंपन्यांना सुरुवातीचं भांडवल मिळायची शक्यता दहापटीपर्यंत जास्त दिसली. आता यात पेटंटमुळं पैसा आला की मुळातच चांगल्या कंपन्या पेटंटही काढतात आणि पैसाही मिळवतात, हा प्रश्न राहतोच, मला दुसरं जास्त पटतं. २००८ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी १३०० च्या वर नव्या टेक्नॉलॉजी कंपन्यांना विचारलं होतं की तुम्ही पेटंट का काढता. नक्कल थांबवण्याबरोबरच भांडवल मिळणं आणि बाजारात नाव होणं ही कारणं पुढं आली, आणि का काढत नाही या प्रश्नाला खर्च हे उत्तर सगळ्यात मोठं. म्हणजे तिथल्या सॉफ्टवेअरवाल्याची आणि इथल्या मागवाल्याची अडचण एकच निघाली.

पण सगळ्याचंच पेटंट काढत सुटायचं असं माझं म्हणणं अजिबात नाही. माझा एक मित्र सायझिंगचं, म्हणजे सुताला खळ लावायचं, काम करतो, त्याची खळ बनवायची रीत अशी आहे की सूत तुटतच नाही. तो पेटंटचं विचारायला आला तेव्हा मी त्याला काढू नको म्हणालो. कारण पेटंट घ्यायचं म्हणजे सगळी रीत लिहून द्यायची, अर्ज साधारण १८ महिन्यांनी जगजाहीर होतो आणि २० वर्षांनी हक्क संपतो. त्याची खळ चार भिंतींच्या आत शिजते, तयार सुताकडं बघून कुणाला ती कळत नाही, मग लिहून कशाला द्यायची. आमची झडप मात्र कुणीही दोन स्क्रू काढून बघू शकतो, तिथं गुपित टिकत नाही. उघडून बघितल्यावर कळतं त्याला पेटंट, न कळणाऱ्याला मौन, असा माझा साधा हिशेब आहे. अमेरिकेत १९९४ साली जवळजवळ दीड हजार कारखानदारी प्रयोगशाळांना विचारलं होतं तेव्हा बहुतेक धंद्यांत गुपित ठेवणं आणि सगळ्यांच्या आधी बाजारात पोचणं या दोन गोष्टी पेटंटपेक्षा जास्त कामाच्या निघाल्या होत्या. फक्त आपल्याकडं धंद्यातल्या गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, सगळं करारावर आणि माणसांवर चालतं, त्यामुळं कामगार दुखावून जाऊ नये हीच खरी काळजी घ्यावी लागते.

आणि प्रत्येक सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हेही कडू वाटलं तरी समजून घ्यावं लागतं. उत्तर प्रदेशात मिर्झापूरला भांडी बनवणारी एक लहान पेढी होती, भांडं लेथवर फिरवताना पकडून ठेवायच्या साधनावर त्यांनी १९५१ साली पेटंटचा अर्ज केला होता. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७८ साली कोर्टानं सांगितलं की ही नुसती वर्कशॉपमधली सुधारणा आहे, यात शोध म्हणावं असं पाऊल नाही, आणि पेटंट गेलं. इतकी वर्षं भांडून लहान माणसाच्या हाताला काही लागलं नाही. म्हणून अर्ज करायच्या आधी शोधाशोध करा. पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर जुने अर्ज फुकट बघता येतात, गूगल पेटंट्सवर परदेशातले बघता येतात, घरातल्या शिकलेल्या पोराला चार रविवार बसवा. आमच्या मुलीनं सुरुवातीलाच हे केलं असतं तर आम्ही भात्यावर हक्क मागितलाच नसता.

आपल्या गावात आणखी एक घोळ कायम होतो. मराठीत आपण "त्याचं ते पेटंट वाक्य" असं सहज म्हणतो, तसंच कारखान्याचं बोर्डावरचं नाव रजिस्टर केलं तरी लोक म्हणतात पेटंट काढलं. तो ट्रेडमार्क. सोलापुरी चादर आणि टॉवेलला मिळालंय ते जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, ते गावाचं असतं, एकट्याचं नसतं. आणि चादरीवरची नवी नक्षी, टॉवेलची नवी बॉर्डर, याला पेटंट लागत नाही, त्याचं डिझाइन रजिस्ट्रेशन होतं, दहा वर्षांचं आणि वर पाच वर्षं वाढवून मिळतं, लहान उद्योगाला अर्जाची फी १००० रुपये. जेकार्डवर रोज नवी नक्षी काढणाऱ्या आपल्या कारखानदारांना खरं तर पेटंटपेक्षा हेच जास्त उपयोगी आहे. बाहेर बनलेल्या चादरी सोलापुरी म्हणून विकल्या जातात याचा राग आपण सगळेच करतो, पण आपली नक्षी आपल्या नावावर लावून घ्यायला किती जण गेले?

आता फी. लहान उद्योग आणि एकटी व्यक्ती यांना ऑनलाइन अर्जाला १६०० रुपये लागतात, मोठ्या कंपनीला ८०००. नोव्हेंबर २०२० च्या आधी लहान उद्योगाला ४००० होते, म्हणून २०१८ ला आम्ही कारखान्याच्या नावानं न करता व्यक्ती म्हणून केला. तपासणीची फी ४०००, मोठ्यांना २००००. ही तपासणी आपोआप होत नाही, ती मागावी लागते, मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे, आधी ४८ होती, आणि मुदत चुकली की अर्ज गेलाच म्हणून समजा. मंजूर झाल्यावर, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण, सुरुवातीला ८०० रुपये, पुढं वाढत जातं. उद्यम नोंदणी आणि फॉर्म २८ जोडला की लहान उद्योगाची सवलत मिळते, हे न जोडता पूर्ण फी भरलेले लोक मी बघितलेत. म्हणजे सरकारी फी परवडते, खरा खर्च एजंटचा आणि मसुद्याचा. भारतातलं पेटंट मंजूर झाल्यावर १ लाखापर्यंत खर्च परत द्यायची केंद्राच्या एमएसएमई, म्हणजे लघु-मध्यम उद्योग, खात्याची योजना २०२२ पासून आहे, परदेशी पेटंटला ५ लाखांपर्यंत. पण पैसे मंजुरीनंतर, आणि खर्च तीन-चार वर्षं आधी, तो मधला काळ लहान माणसानं कसा काढायचा याचा विचार योजना करणाऱ्यांनी केलेला नाही. माझी मागणी आहे की निम्मे पैसे तपासणीची मागणी केल्यावरच मिळावेत.

दुसरी मागणी आपल्याच गावातल्या लोकांकडं. कॉलेजांना २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, प्राध्यापकांना पेटंटचा फॉर्म कसा भरायचा ते माहीत असतं. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या दोन्ही एमआयडीसीत महिन्यातून एक दिवस, सुट्टीच्या दिवशी, जाणकार माणूस येऊन बसला आणि त्यानं फक्त तीनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ आहे: विकलंय का, दाखवलंय का, उघडून बघितल्यावर कळतं का. मला २०११ ला हे तीन प्रश्न कुणी विचारले असते तर ती बाकदार दांडी आज आमची असती. आपल्याकडचा माणूस पेटंटकडं वळतो तो बहुतेक वेळा एकदा लुटला गेल्यावर, ही गोष्ट मला सहन होत नाही. धावत्या धोट्याचा शोध लावणाऱ्या इंग्लंडच्या जॉन के यानं १७३३ ला पेटंट घेतलं होतं, तरी तिथल्या कारखानदारांनी पैसे दिले नाहीत, उलट त्याच्या दाव्यांचा खर्च वाटून घ्यायला एकत्र येऊन क्लब काढला, तो माणूस दाव्यांत बुडाला आणि शेवटी फ्रान्सला जाऊन गरिबीत मेला. एकटा पडला की पेटंट असूनही असं होतं. म्हणून कारखानदारांच्या संघटनांनी यात पडावं, सामाईक पेटंट एजंट ठेवावा, नोटीस पाठवायची वेळ आली तर ती संघटनेच्या लेटरहेडवरून जावी. चादरीच्या जीआयला सगळे एकत्र येऊ शकले तर याला का नाही?

अण्णाचं सांगायचं राहिलं. २०२४ च्या नव्या नियमांत शोध लावणाऱ्याला स्वतःच्या नावाचं वेगळं सर्टिफिकेट मिळायची सोय झालीय, फॉर्म ८अ, चालू असलेल्या पेटंटलाही मागता येतं. ते मागवलं. अण्णानं ते फ्रेम करून त्याच्या घरी देवघराशेजारी लावलंय, खाली दम्यानं गेलेल्या काकाचा फोटो. तेव्हापासून आमच्या शेडमधली पोरं रोज काहीतरी घेऊन येतात, हे असं केलं तर, ते तसं केलं तर. बऱ्याच गोष्टी चालत नाहीत, पण येऊन सांगतात. पगार वाढवून हे झालं नव्हतं.

माझा भाचा कडक भाकरी वाळवायचं मशीन बनवतोय. ज्वारीची पातळ भाकरी वाळताना कडेनं वळते आणि पॅकिंगमध्ये तुटते, ती न वळता वाळावी म्हणून त्यानं जाळीची एक वेगळीच रचना केलीय आणि बचत गटाच्या बायकांकडून तीन वेळा बदलून घेतलीय. पुढच्या महिन्यात त्याला एका प्रदर्शनात स्टॉल मिळालाय. काल रात्री बसून आम्ही प्रोव्हिजनल अर्जाचा मसुदा पूर्ण केला, त्या बायकांपैकी जिनं जाळी उलटी लावायला सांगितली तिचं नाव शोध लावणाऱ्यांत घातलंय, आणि अर्जाची पोच हातात येईपर्यंत मशीन शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलंय.

आपला नम्र,
एक लघुउद्योजक वाचक
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर